परक्या विद्यार्थ्याची क्रमिक पुस्तके : श्रीरामपूरच्या मराठी गद्याचा पुनर्विचार

मराठी वाङ्मयाच्या इतिहासग्रंथांत एक प्रकरण ठरावीक जागी येते आणि ठरावीक घाईने संपते. बंगालमधील श्रीरामपूर (नगर जिल्ह्यातील त्याच नावाच्या गावाशी त्याचा संबंध नाही, हे वर्गात दरवर्षी सांगावे लागते), विल्यम कॅरी, पंडित वैजनाथ शर्मा, आणि मग चार पुस्तकांची नावे : ‘सिंहासन बत्तीशी’ (१८१४), ‘हितोपदेश’ (१८१५), ‘राजा प्रतापादित्याचे चरित्र’ (१८१६) आणि त्याच सुमाराची ‘रघुजी भोसल्यांची वंशावळी’. नावांपुढे अभिप्राय बहुधा एकच असतो. भाषा कृत्रिम, विषय जुनेच, वाङ्मयीन मूल्य जवळजवळ नाही. महत्त्व आहे ते मुद्रणाच्या इतिहासापुरते. हा अभिप्राय मीही कित्येक वर्षे विद्यार्थ्यांना टिपणांतून लिहून दिला आहे. तो सर्वस्वी चुकीचा आहे असे आज मी म्हणणार नाही. परंतु तो देताना आपण एक साधा प्रश्न विचारायचा विसरलो, असे मात्र मला वाटू लागले आहे. ही पुस्तके कोणी वाचावीत म्हणून छापली गेली?

उत्तर सर्वांना ठाऊक आहे. त्याचे परिणाम मात्र आपण तपासलेले नाहीत. ही पुस्तके मराठी माणसासाठी नव्हती. १८०० साली लॉर्ड वेलस्लीने कलकत्त्यास स्थापन केलेल्या फोर्ट विल्यम कॉलेजातील इंग्रज तरुणांना, म्हणजे कंपनीच्या नोकरीत नुकत्याच आलेल्या कोवळ्या वयाच्या रायटरांना, मराठी ही परभाषा शिकता यावी म्हणून ती सिद्ध झाली. आधुनिक मराठी गद्याच्या या पहिल्या मुद्रित कथापुस्तकांचा अभिप्रेत वाचक मराठी नव्हता, ही गोष्ट तळटीपेत टाकण्याजोगी नाही. तिच्यामुळे त्या पुस्तकांची निवड, रचना, लिपी आणि त्यांचे अपयश या साऱ्यांचाच अर्थ बदलतो.

एक अपवाद येथेच नोंदवला पाहिजे. त्याच शतकाच्या पहिल्या दशकात तंजावरला सरफोजी राजांच्या छापखान्यात ‘बालबोध मुक्तावली’ हे इसापाच्या कथांचे मराठी रूप छापले गेले. तेथे परक्याची कथा आपल्या मुलांसाठी आली. श्रीरामपुरास आपल्या कथा परक्याच्या मुलांसाठी गेल्या. दोन्ही गोष्टी महाराष्ट्राच्या बाहेर घडल्या हाही योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

कॅरीने १८०१ पासून कॉलेजात बंगाली आणि संस्कृत शिकवले. मराठीची भर नंतर पडली. त्याचे मराठी व्याकरण १८०५ साली निघाले आणि त्याला परिचित विषयांवरील संवाद जोडलेले होते. १८१० साली त्याचा मराठी-इंग्रजी कोश आला. म्हणजे परभाषेच्या अध्यापनाची जी तीन साधने आजही आपण मानतो, व्याकरण, संवाद आणि कोश, ती तिन्ही सिद्ध झाल्यानंतर कथाग्रंथांची पाळी आली. हा क्रम सूचक आहे. तीन साधने हाती असताना चौथ्याची गरज का भासली?

कॅरी महाराष्ट्रात कधीच राहिला नाही. तो मराठी शिकला बंगालमध्ये, पंडिताच्या तोंडून. आणि त्याने ती शिकवली तीही बंगालमध्येच. बंगाली वा हिंदुस्थानी शिकणाऱ्या रायटराला वर्गाबाहेर पडताच ती भाषा ऐकू येत होती. खानसामा, पालखीचे भोई, बाजारातला बनिया हे सारे त्याचे न नेमलेले शिक्षक होते. मराठी शिकणाऱ्याला मात्र कलकत्त्याच्या रस्त्यावर मराठी कानी पडण्याची आशा जवळजवळ नव्हती. जिथे भाषेचा मुलूखच भोवती नाही, तिथे तो मुलूख पुस्तकातून उभा करावा लागतो. संवादांच्या पाठातून एखादा प्रसंग उभा राहतो, मुलूख उभा राहत नाही. राजा, प्रधान, सावकार, चोर, ब्राह्मण, वेश्या, व्यापारी असा बहुविध लोक ज्यांत परस्परांशी बोलतो, भांडतो, फसवतो त्या कथांनाच ते साधते. साहित्य हे परभाषेच्या वर्गात अलंकार म्हणून येत नाही. गैरहजर समाजाच्या जागी ते येते. श्रीरामपूरच्या पुस्तकांची पहिली गरज मला इथे दिसते.

निवडीकडे पाहिले तर आणखी काही हाती लागते. ‘सिंहासन बत्तीशी’ची चौकट आठवावी. राजा सिंहासनावर चढू पाहतो. एक पुतळी त्याला थांबवते, विक्रमाच्या औदार्याची कथा सांगते, आणि तुझ्या अंगी असे गुण असतील तर बैस म्हणते. हे बत्तीस वेळा घडते. रसिक वाचकाला ही पुनरावृत्ती कंटाळवाणी वाटते, आणि आपल्या इतिहासकारांनी तो कंटाळा प्रामाणिकपणे नोंदवलाही आहे. पण भाषा शिकणाऱ्याच्या बाजूने विचार करा. वाक्यांचा तोच साचा, संबोधनाची तीच रीत, तीच अट आणि तोच प्रश्न त्याला बत्तीस वेळा भेटतो. बदलतो तो मधला मजकूर. पहिल्या पुतळीपाशी जो विद्यार्थी कोश उघडून बसतो, तो दहाव्या पुतळीपाशी चौकट न पाहता ओलांडतो आणि आपले बळ नव्या शब्दांवर खर्च करतो. आजच्या भाषाध्यापनशास्त्राला असा पाठ मुद्दाम रचावा लागतो. लोककथेने तो आयता रचून ठेवला होता.

‘हितोपदेशा’ची गोष्ट याहून गमतीची आहे. या ग्रंथाची चौकटच मुळी शिकवणीची. पाटलिपुत्राच्या सुदर्शन राजाचे पुत्र अशिक्षित राहिलेले. विष्णुशर्मा त्यांना सहा महिन्यांत नीतिज्ञ करण्याचे अंगावर घेतो आणि गोष्टींच्या द्वारा ते करून दाखवतो. सत्तेवर येऊ घातलेल्या, पण अभ्यासात रस नसलेल्या तरुणांना कथेच्या वाटेने शहाणे करणे हा ज्या ग्रंथाचा विषय, तोच ग्रंथ कंपनीच्या सत्तेवर येऊ घातलेल्या तरुणांपुढे ठेवला गेला. निवडणाऱ्याला हा विनोद जाणवला होता की नाही, कोण जाणे. त्यातली शेवटची दोन प्रकरणे विग्रह आणि संधी यांची आहेत, हेही कंपनीच्या कारभाराला गैरसोयीचे नव्हते. शिवाय एक व्यावहारिक लाभ होता. चार्ल्स विल्किन्सचे ‘हितोपदेशा’चे इंग्रजी भाषांतर १७८७ सालीच प्रसिद्ध झाले होते, मूळ संस्कृत ग्रंथ श्रीरामपुरास १८०४ मध्ये छापला गेला होता, आणि बंगाली रूपेही तयार होती. कथा ठाऊक आणि भाषा नवी, अशा स्थितीत वाचणारा अडखळला तरी हरवत नाही.

लिपीचा मुद्दा मात्र बहुधा दुर्लक्षित राहतो. कॅरीच्या कोशातील मराठी शब्द मोडीत आहेत, आणि वैजनाथ शर्म्यांच्या कथाग्रंथांसाठीही मोडीच्या खिळ्यांचा उपयोग झाला. मोडी ही लिहिण्याची लिपी, धावत्या हाताची. तिचे खिळे पाडणे हे कष्टाचे आणि काहीसे अस्वाभाविक काम. तरी ते केले, कारण विद्यार्थ्याला पुढे वाचायच्या होत्या त्या अर्ज्या, सनदा, हिशेब आणि पत्रे, आणि त्या साऱ्या मोडीत. विक्रमाच्या कथा वाचून जो तरुण डोळा मोडीला सरावेल तो पुढे देशमुखाचा अर्ज वाचील, असा हा हिशेब. साहित्य इथे लिपीचा घोडा झाले. मुंबईस पुढे मराठी मुद्रण बालबोधीत स्थिरावले आणि मोडी हाताकडे परत गेली. म्हणून आज ही पुस्तके आपल्याच पदवीधरांना वाचता येत नाहीत.

वंशावळीबद्दल दोन शब्द. १८०३ च्या अखेरीस देवगावच्या तहाने नागपूरकर भोसल्यांकडून कंपनीने कटक घेतले. दुसरे रघुजी १८१६ च्या मार्चमध्ये वारले आणि त्याच वर्षी नागपूरच्या दरबाराने तैनाती फौज पत्करली. या घडामोडींच्या ऐन काळात भोसल्यांची वंशावळी कंपनीच्या नोकरांचे वाचनपुस्तक व्हावे, यात निष्पाप असे काही नाही. तरीही या चार पुस्तकांत मराठीच्या स्वतःच्या गद्यपरंपरेशी खरा सांधा कोणाचा असेल तर तो या पुस्तकाच्या जातीचा, कारण वंशावळी, कैफियत आणि बखर ही सख्खी भावंडे होत.

इथेच मला खरा आक्षेप घ्यायचा आहे, आणि तो इतिहासकारांच्या आक्षेपाहून वेगळा आहे. ही पुस्तके परक्यांसाठी होती म्हणून निर्जीव झाली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. याला उत्तर म्हणून त्याच कॉलेजातील दुसऱ्या विभागाकडे पाहावे. गिलख्रिस्टच्या हाताखाली दिल्लीच्या मीर अम्मनने चार दरवेशांचा किस्सा ‘बाग-ओ-बहार’ म्हणून लिहिला, तोही गोऱ्या विद्यार्थ्यांसाठीच. तो उर्दू गद्याचा अभिजात ग्रंथ ठरला, आणि एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानी शिकणाऱ्या इंग्रजांच्या पिढ्या त्याच्यावर पोसल्या. लल्लूलालच्या ‘प्रेमसागरा’ला हिंदी गद्याच्या इतिहासात वादग्रस्त का होईना पण स्थान आहे. म्हणजे दोष परक्या वाचकाचा नाही. मीर अम्मन आपल्या शहराची बोली कानात ठेवून लिहीत होता. परक्यासाठी लिहिताना तो परका झाला नाही. मराठीच्या बाबतीत मात्र एक साचा आधी ठरला होता. ‘बत्रिश सिंहासन’ बंगालीत १८०२ साली आले, ‘हितोपदेश’ त्याच वर्षी, ‘प्रतापादित्य’ तर रामराम बसूने १८०१ सालीच लिहिले होते. मराठी विभाग लहान, विद्यार्थी थोडे, आणि बंगालीत जे तयार आहे ते मराठीत उतरवले की काम भागते ही सोयीची समजूत. जेसोरच्या प्रतापादित्याचे चरित्र वाचून मराठी मुलुखाची भाषा कशी यावी, हा प्रश्न कोणाला पडलेला दिसत नाही. भाषा मराठी, राजा बंगालचा.

आणि पर्याय नव्हता असेही नाही. सभासदाची बखर सतराव्या शतकाच्या अखेरची. पानिपतावरच्या ‘भाऊसाहेबांच्या बखरी’तले गद्य तर बोलत्या माणसाचे गद्य आहे. त्यात फारसी शब्दांची रेलचेल, म्हणींचा मारा, संवादाची धार, आणि कारकुनी मराठीचा तो सारा शब्दसंग्रह, जो कंपनीच्या नोकराला दुसऱ्या दिवशी कचेरीत लागणार होता. ग्रँट डफने १८२६ साली मराठ्यांचा इतिहास लिहिताना बखरींचा उपयोग केला. पण आधार म्हणून, आणि तोही त्यांच्यावर पुरेसा विश्वास न ठेवता. भाषा शिकण्याचे साहित्य म्हणून बखर कलकत्त्याच्या वर्गात पोचली असती तर मराठी गद्याच्या मुद्रणाचा आरंभ निराळ्या सुरात झाला असता. हा तर्क आहे आणि तर्क म्हणूनच मांडतो.

साहित्यातून भाषा शिकण्याची याहून जुनी आणि याहून धाडसी वाट गोमंतकात चोखाळली गेली होती, तिचा उल्लेख टाळता येणार नाही. ब्रागा येथील सार्वजनिक ग्रंथालयात रामायण-महाभारतातील कथांची रोमन लिपीत उतरवलेली कोकणी गद्य हस्तलिखिते आहेत. जेझुइटांनी भाषा शिकण्यासाठी ती तयार करवून घेतली असे मानतात. ज्यांच्या देवळांवर त्यांनी कुदळ चालवली त्यांच्याच कथांपुढे ते विद्यार्थी म्हणून बसले होते. या शिक्षणाचे फळ म्हणजे १६१६ चे थॉमस स्टीफन्सचे क्रिस्तपुराण. तो इंग्रज होता, १५७९ साली गोव्यास आला, आणि ओवी त्याने अशी आत्मसात केली की परभाषकाच्या पुस्तकाला मराठी काव्येतिहासात हक्काची जागा मिळाली. फ्रेंच एतिएन द ला क्रुआने पुढे पीटरवर पुराण रचले. स्टीफन्सचे कोकणीचे व्याकरण छापले गेले ते त्याच्या मृत्यूनंतर, १६४० साली. काव्य आधी छापले गेले, नियम मागाहून. दोन शतकांनी श्रीरामपुरात क्रम उलटला, आणि तिथून ओवी लिहिणारा कोणी निघाला नाही.

माझा या विषयाशी आलेला संबंध केवळ ग्रंथगत नाही. परदेशी विद्यार्थ्यांना मराठी शिकवण्याचे काम काही वर्षे माझ्याकडे होते. आमचे क्रमिक पुस्तक संवादांचे होते : भाजी घेणे, रिक्षा ठरवणे, पत्ता विचारणे. एका विद्यार्थिनीने ते सारे बिनचूक पाठ केले. ती भाजी आणी, पण भाजीवाली तोलता तोलता जे सांगे ते तिला समजत नसे. विशेषतः एक शब्द तिला छळत होता : ‘म्हणे’. पाऊस येणार म्हणे, तिचा मुलगा मुंबईला गेला म्हणे. व्याकरणात याला दोन ओळी होत्या. मी संवाद बाजूला ठेवले आणि चिमणी-कावळ्याची मेणाच्या आणि शेणाच्या घराची गोष्ट सांगितली. मग आणखी लोककथा, मग व्यंकटेश माडगूळकरांची माणसे. तिसऱ्या आठवड्यात तिनेच मला सांगितले की ‘म्हणे’ म्हणजे ‘मी पाहिले नाही, माझी जबाबदारी नाही, पण मला सांगायचे आहे’. इतकी नेमकी व्याख्या मी कोणत्याही व्याकरणात वाचलेली नाही. दारावर पुन्हा पुन्हा थाप मारणारा कावळा आणि सिंहासनाजवळ पुन्हा पुन्हा अडवणारी पुतळी यांच्या कामातले साम्य मला तेव्हा प्रथम जाणवले, आणि वैजनाथ शर्म्यांकडे मी नव्याने वळलो.

उलट दिशेचा व्यवहारही याच काळात सुरू होता, आणि त्यातील विषमता डोळ्यांत भरते. मराठी मुलगा इंग्रजी शिकला तो शेक्सपिअर, मिल्टन आणि बेकन यांच्या द्वारा. इंग्लंडातील विद्यापीठांत स्थिर होण्याआधीच इंग्रजी साहित्य हा अभ्यासविषय हिंदुस्थानात रुजला, हे गौरी विश्वनाथन यांनी १९८९ च्या आपल्या ग्रंथात साधार दाखवले आहे. इंग्रज तरुणाने मात्र मराठी शिकताना ज्ञानेश्वर वा तुकाराम वाचावा असे कॉलेजास वाटले नाही. त्याच्या वाट्यास पुतळ्या आणि प्राणी आले. एका बाजूने भाषा शिकणे म्हणजे श्रेष्ठांच्या सहवासात जाणे. दुसऱ्या बाजूने ते प्रजेच्या गोष्टी ऐकून घेणे. परक्यापुढे कोणते साहित्य ठेवले जाते, यावरून ठेवणाऱ्याने त्या भाषेची काय किंमत केली आहे ते कळते.

या विषमतेचा शेवट वर्गात झाला नाही. १८२२ पासून मुंबईस ‘पंचोपाख्यान’, ‘विदुरनीती’ आणि पुन्हा ‘सिंहासन बत्तीशी’ अशी पुस्तके छापली गेली, आणि जे वाङ्मय परक्या विद्यार्थ्यासाठी योग्य ठरले होते त्याच जातीचे वाङ्मय आता एतद्देशीयांच्या हाती आले. याहून मोठी उलथापालथ मेजर थॉमस कँडीच्या रूपाने झाली. कँडी मराठी शिकला तो परभाषा म्हणून, मोल्सवर्थच्या कोशाच्या कामात (१८३१). १८३७ पासून तो पुण्याच्या पाठशाळेचा प्रमुख होता आणि पुढे सरकारी भाषांतरकार. मराठी शाळांसाठी लिहिलेली क्रमिके त्याच्या हाताखालून जात. परक्याचा धडा शिकलेला विद्यार्थी आता मूळ भाषकांचा परीक्षक झाला. १८५० साली त्याने ‘विरामचिन्हांची परिभाषा’ लिहिली, आणि ज्या गद्याला आजवर वाचणाऱ्याच्या श्वासाने थांबे मिळत होते त्याला छापील थांबे मिळाले. कँडीला खलपुरुष करण्याची आपल्याकडे रीत आहे. मला ती मान्य नाही. त्याची मराठी शुद्ध होती, कष्टाची होती, आणि परशुरामतात्या गोडबोल्यांसारखा ‘नवनीता’चा (१८५४) संपादक त्याच्या सहवासात काम करीत होता. पण शिकलेल्या भाषेला नियम आधी दिसतो. ज्याने ती ऐकत ऐकत मिळवली त्याला आधी अपवाद दिसतात. पिढ्यान्‌पिढ्या मराठी मुलांनी आपली भाषा शाळेत शिकली ती बऱ्याच अंशी नियम आधी पाहणाऱ्याच्या नजरेने. विष्णुशास्त्र्यांना १८७४ साली ‘निबंधमाले’चा आरंभच मराठीच्या सांप्रत स्थितीपासून करावासा वाटला, त्याची मुळे इतकी मागे, कलकत्त्याच्या त्या वर्गापर्यंत, जातात असे मला वाटते.

‘म्हणे’चा अर्थ सांगणारी ती विद्यार्थिनी जाण्यापूर्वी एकदा विभागाच्या फलकापाशी थांबली होती. ‘सर्व संबंधितांना कळविण्यात येते की’ अशी आरंभ झालेली सूचना तिने दोनदा वाचली आणि मला विचारले, सर, हे कोण कोणाला सांगतो आहे? मी म्हणालो, विभाग विद्यार्थ्यांना. ती म्हणाली, पण गोष्टींत तर असे कोणीच बोलत नाही. सूचना माझ्याच हाताची होती. मी ती काढून चार साध्या वाक्यांत पुन्हा लिहिली. ती तीन दिवस फलकावर राहिली. चौथ्या दिवशी कार्यालयाने तिच्यावर जुन्या नमुन्यातली नवी सूचना लावली.